वर्गीकरणात गेलेलं वर्ष

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. बारामतीला बी. ए. केलं आणि इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये ग्रंथपालाच्या जागेवर तात्पुरती लागले. आमच्या सणसर गावाहून एसटीनं जाऊन-येऊन करता येत होतं. जागा रिकामी होती, पुस्तकं कुलपात होती, मला वाचायची सवय होती. एवढ्यावर नेमणूक झाली.

हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. "मॅडम, ग्रॅज्युएट आहात ते ठीक. पण ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राची वेगळी पदवी लागते. ती नसली तर शिक्षण खात्याकडून तुमच्या नावाला मान्यता येत न्हाय. पुढच्या जूनपर्यंत जागा धरून ठेवतो. त्याच्यापुढं माझ्या हातात काय न्हाय."

म्हणून बारामतीला त्या एका वर्षाच्या कोर्सला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारी शाळा. पुस्तक आलं की त्याच्यावर दाखल क्रमांक कसा घालायचा, त्याचं कार्ड कसं करायचं, हे सगळं मला पटापट जमलं. सगळ्यात महत्त्वाचं वर्गीकरण. म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे ते ओळखायचं आणि त्या विषयाचा नंबर त्याला द्यायचा. त्या नंबरावर त्याची कपाटातली जागा ठरते. सोपं आहे, असं मला वाटत होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेला समोर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला होता आणि शेजारी नंबरांचे जाडजूड खंड. ऊस लागवडीचं पुस्तक हातात आलं. मी ते उघडलंसुद्धा नाही, सरळ सहकाराचा नंबर दिला. आमच्याकडं उसाचं बेणं रानात पडलं की नोंद कारखान्यात. तोड कधी, टोळी कुणाची, वाहन कुठलं, सगळं कारखाना ठरवणार. आणि कारखाना सहकारी. माझ्या जन्मापासून ऊस हा शब्द मी असाच ऐकलेला. मग दुधाच्या धंद्याचं पुस्तक आलं. आमचं दूध दोन्ही वेळेला सोसायटीच्या डेअरीत जातं. तेही सहकारात. त्याच्यामागून उपसा सिंचनाचं आलं. आमच्या वस्तीवरच्या लोकांनी संस्था काढून पाणी उचललेलं. तेही तिथंच.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर शांत स्वभावाचे होते. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"ऊस कुठं येतो?"

"रानात, सर."

"मग शेतीत का नाही घातला?"

"नोंद कारखान्यात होते ना, सर."

त्यांनी चष्मा काढला. "आणि दूध?"

"डेअरीत."

"गाईत नसतं का?"

मागं बसलेल्या मुली फिसकन हसल्या. "गाईतच असतं, सर. पण घरात राहत नाही."

ते हसले नाहीत. म्हणाले, "पुस्तक उघडून अनुक्रमणिका बघायची असते. त्यात काय लिहिलंय ते बघायचं. तुमच्या गावात काय होतं ते नाही."

सरांचं बरोबर होतं. नंबर चुकला की त्याच्यावर केलेलं कार्डही चुकतं, त्यामुळं एकाच चुकीत निम्मा पेपर गेला. लेखी पेपर सगळे पास, प्रात्यक्षिकात नापास. आता वर्षभर थांबणं आलं, आणि जून तोंडावर.

निकाल घरी मीच सांगितला. आबांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, "चुकलं कुठं?"

"उसाचं पुस्तक सहकारात घातलं."

"मग बरुबरच हाय की! ऊस दुसरीकडं जातोय कुठं? त्या मास्तरला म्हणावं या सणसरला, दावतो."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली. "गप बसा. पोर सकाळपासनं जेवली न्हाय."

मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही. आबा बराच वेळ त्या सरांशी भांडत राहिले. इतर वेळी मी हसले असते.

जूनमध्ये हेडमास्तरांनी बोलावलं. ते खिडकीकडं बघत बोलत होते. "तुमचं काम मला माहीत हाय, मॅडम. पण..." मी म्हटलं, "चार्ज कधी द्यायचा तेवढं सांगा."

नवी मॅडम बारामतीची. पदवी होती, बोलायला चांगली होती. शाळेत ग्रंथालयाचा चार्ज देणं म्हणजे एकेक पुस्तक दाखवून द्यायचं. मी नंबर वाचायचा, तिनं पुस्तक हातात घेऊन "आहे" म्हणायचं. नंबर, आहे. नंबर, आहे. कपाटामागून कपाट. मधे तिनं डब्यातला शिरा पुढं केला, मी घेतला. शेवटी सही करून किल्ल्या दिल्या आणि स्टँडवर येऊन बसले. दोन गाड्या गेल्या. त्या आमच्याच गावाच्या होत्या, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

पुढच्या वर्षी प्रात्यक्षिकाला पुन्हा बसले. प्रत्येक पुस्तक उघडलं, अनुक्रमणिका वाचली, मगच नंबर दिला. पास झाले. आबांनी पेढे आणले. मी एक खाल्ला आणि हेडमास्तरांना फोन लावला.

"अभिनंदन, मॅडम," ते म्हणाले. मग, "पण आता जागा..."

"भरली, ते माहीत आहे सर. मी मागायला फोन नाही केला. पास झाले तेवढं सांगायचं होतं."

"व्हय, व्हय. चांगलं झालं."

मी फोन ठेवला. भिगवणच्या बाजूला, डाळजकडं, एका शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल पाहिजे असल्याचं मैत्रिणीकडून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी पदवीची झेरॉक्स काढली आणि गेले. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "अर्धवेळ चालेल?"

मी म्हटलं, "चालेल."