आवाज यायच्या आधी

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत पोरं मला मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. आजवर पुष्कळांवर ओरडलो, त्यातल्या बहुतेकांवर ओरडायलाच हवं होतं. पण एका ओरडण्याची मला मनापासून लाज वाटते. ते मी गौसभाईंवर ओरडलो, त्यांच्याच गॅरेजात, गिऱ्हाइकांदेखत.

गौसभाई उद्यमनगरातले मिस्त्री. वय साठीच्या आसपास, अंगानं सडपातळ, दाढी पांढरी, आणि शर्ट दुपारी दोन वाजताही आत्ताच घातल्यासारखा. ऑइलात हात घालणाऱ्या माणसाचा शर्ट एवढा स्वच्छ कसा राहतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी राहतो कळंब्याला आणि गणित शिकवतो गगनबावड्याच्या हायस्कुलात. रोज जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर. गाडी छोटी, तेरा वर्षांची, आणि तीत माझ्याबरोबर शाळेतले आणखी तिघे बसतात. म्हणजे चार घरं त्या गाडीच्या भरवशावर आणि ती गाडी गौसभाईंच्या भरवशावर.

गौसभाईंचं नाव झालं ते त्यांच्या कानामुळं. गाडी चालू करायला लावायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात सांगणार, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग वाजतंय. उघडून बघावं तर तेच. मुरगूड-कागलकडची माणसं खास गौसभाईंना आवाज ऐकवायला गाडी घेऊन यायची. त्यांचं सगळं दुकानच त्या कानावर उभं होतं.

आणि वर्षापूर्वी त्यांनी कान लावायचंच बंद केलं.

कानाच्या जागी वही आली. शाळकरी पोरांची असते तसली शंभर पानी, प्रत्येक गाडीला एक, कव्हरवर गाडीचा नंबर. आत नुसते किलोमीटर आणि तारखा. दहा हजार झाले की इंजिन ऑइल आणि फिल्टर, मग गाडी कितीही झकास चालू दे. वीस हजाराला चारही चाकं खोलून ब्रेक साफ. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. बेल्टाला तुटायची संधीच द्यायची नाही. गाडी घरात उभी राहून किलोमीटर झाले नसतील तर महिने मोजायचे, दोन्हींत जे आधी भरेल ते. एखादा म्हणाला, अहो आवाज तरी ऐका की, तर गौसभाई वही पुढं करून तारखेवर बोट ठेवायचे.

आम्हा लोकांना हे कसं पचावं? खंडेनवमीला आम्ही गाडीला हातभर हार घालू, अमावस्येला लिंबू-मिरची बांधू, पण धडधाकट गाडी मिस्त्रीकडं न्यायची म्हटलं की आमच्या जिवावर येतं. चालतीय की, कशाला हात लावायचा? लोक कुजबुजायला लागले, म्हणजे आमच्याकडं जेवढ्या मोठ्यानं कुजबुजतात तेवढ्या. म्हातारा पार्ट खपवायला लागलाय म्हणे. एकेक गिऱ्हाईक तुटायला लागलं. सात-आठ गाड्या उभ्या असायच्या तिथं दोन-तीन दिसायला लागल्या. माझे तिघे सोबतीही म्हणाले, आपण मिस्त्री बदलू. त्यांच्या घरच्या गाड्याही मीच गौसभाईंकडं लावलेल्या. मी हललो असतो तर एका दमात चार गाड्या हलल्या असत्या.

ऑगस्टातल्या एका रविवारी मी गेलो. तक्रार एवढीच, मागच्या डाव्या बाजूनं टिकटिक यायची. गौसभाईंनी मीटर बघितला, वही काढली आणि ब्रेक ऑइलची तारीख उलटलीय म्हणून सरळ मागचं चाक खोलायला बसले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तुम्ही रोज गगनबावड्याच्या पावसात, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, आधी टिकटिक ऐका. ते पाठमोरे. परत म्हटलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदा म्हटलं आणि माझं डोकं सरकलं.

"गौसभाई, तुम्ही मिस्त्री राहिला न्हाईसा. कान विकून दुकान लावलंय तुम्ही."

बाकड्यावरची दोन माणसं हसली. गौसभाईंनी मान वळवली नाही की हात थांबवला नाही. पॉलिश पेपरनं ब्रेकचा ड्रम घासत राहिले. मला वाटलं, बघा मगरुरी. तणतणत मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

गौसभाईंचं घर गॅरेजच्या मागंच आहे. त्यांच्या बायको, फातिमाभाभी, चहा घेऊन तिथं माझ्याजवळ आल्या. एरवी त्यांच्याकडून कपाबरोबर एखादा टोमणाही मिळतो. त्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणला.

"सर, तुम्ही बोललासा ते माझ्या चुलीपर्यंत आलं. त्यास्नी न्हाय आलं. दीड वर्षापास्नं कान जात चाललेत, आता त्यास्नी ऐकूच येत न्हाय."

मला खरंच वाटेना. दर महिन्या-दोन महिन्याला मी त्या माणसाशी बोलत होतो. मग लक्षात आलं, बोलत कुठं होतो, ओरडत होतो. आमच्या गावात प्रेमानं विचारपूस केली तरी शेजारचा दार उघडून बघतो. असल्या गावात कुणाचं ऐकणं कमी झालं तर कळणार कसं? गौसभाई तोंडाकडं बघून अंदाज घ्यायचे, आणि गिऱ्हाइकं विचारणार काय, तर कधी देणार आणि किती होणार. कानाचं मशीनही करून झालं होतं. इंजिनाशेजारी त्यात नुसता गोंगाट व्हायचा, त्यातला आवाज काही वेगळा निघायचा नाही.

मग भाभींनी पुढचं सांगितलं. वर्षापूर्वी एक गाडी आली होती. गौसभाईंनी नेहमीसारखा कान लावला. काहीच वाजत नव्हतं, म्हणजे त्यांना वाजत नव्हतं. गाडी चांगली आहे म्हणून त्यांनी सोडून दिली. चाकाचं बेअरिंग गेलेलं होतं. मुरगूडच्या रस्त्याला चाक जाम होऊन गाडी उसात घुसली. आत एक बाई आणि तिची लहान पोरगी होती. खरचटण्यावर निभावलं, पण गौसभाईंना चार दिवस घास गेला नाही. पाचव्या दिवशी ते बाजारात जाऊन वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. आपल्याला ऐकू येणार नाही, तर वाजायच्या आधीच बदलायचं, असं त्यांनी ठरवलं. भाभींनी मला बजावलं, हे कुणाला सांगू नका, बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण गाडी लावणार.

मी कसाबसा आत गेलो. गाडी तयार होती. डॅशबोर्डवर एक टोकदार खडा ठेवला होता. चाक खोलल्यावर त्यांना तो टायरच्या खाचेत रुतलेला सापडला होता आणि माझी टिकटिक तीच होती. गौसभाईंनी तो बोटानं दाखवला आणि चावी माझ्या हातात दिली. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी काम नसताना गेलो. माझं ठरलं होतं, त्यांचा कान आपण व्हायचं. आवाज मी ऐकणार, हळूच खूण करणार, कुणाला पत्ता लागणार नाही. तसा प्रसंग लगेच आलाही. मुरगूडचा एक पाहुणा गाडी घेऊन आला, म्हणाला, इंजिनात कायतरी वाजतंय, तुमचं नाव ऐकून आलोय. मी स्क्रूड्रायव्हर उचलून पुढं झालो. गौसभाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला.

"पावणं, मला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "गाडी किती किलोमीटर झाली आणि कधी काय बदललंय ते सांगा, तितनं सुरू करतो."

पाहुण्यानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गाडीत बसला आणि निघून गेला. बाकड्यावर त्या दिवशी हसलेल्यांपैकी एक जण होता. आता गेलं सगळं, हे गावभर होणार, असं मला वाटलं. तो माणूस उठला, गौसभाईंच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला आणि माझी वही काढा म्हणाला, बेल्ट बदलायला किती राहिलंय बघू.

त्याची गाडी आत घेतल्यावर मी गौसभाईंना गाठलं. कशाला सांगितलंत, मी होतो की, असं त्यांच्यासमोर उभं राहून सावकाश विचारलं.

"तुम्ही रविवारी असता, सर. सोमवारी कोण ऐकणार? पोरीबाळी सोमवारीबी गाडीत बसत्यात."

गेल्या रविवारचं मनात सलत होतं, तेवढं बोलून टाकलं. म्हटलं, मी नको ते बोललो, माफ करा, तुम्हाला ऐकू आलं नसेल पण मी बोललो.

"गाडीच्या दाराच्या काचेत तोंड दिसत हुतं तुमचं," ते म्हणाले. "कळलं की."

मग तिथल्या तिथं माझं थोबाड का नाही फोडलंत, मी विचारलं.

गौसभाईंनी हात पुसला आणि दुसऱ्या गाडीचं बॉनेट उचललं.

"ब्रेक उघडा हुता तुमचा. ब्रेकचं काम हातात असताना भांडायचं न्हाय."