पाटलाचा बैल कोंडवाड्यात

पिंपळटेकच्या नत्थुजी कोंडवाडेदारानं जन्मभर मारच खाल्ला. मोकाट जनावर कुणाच्या पिकात शिरलं, की पीकवाला ते हाकलत कोंडवाड्यात आणणार, नत्थुजी आत घेणार आणि जनावराचा धनी दंड भरून सोडवून नेणार, एवढंच त्याचं काम. पण दंड भरायला हसत कोण येतो, सांगा! कुणी त्याची गचांडी धरली, कुणी पाठीत बैल टोचायची तुतारी घातली, एकानं तर दोन दात पाडले. नत्थुजी रक्त थुंकायचा आणि पावती फाडून द्यायचा.

गडी हेकट. वरून सांगायचा, "हा कोंडवाडा कोनाच्या बापाचा नाही. पाटलाचा नाही, पोलिसाचा नाही, तहसीलदाराचाबी नाही. कौन्सिलचा हाये, अन् कौन्सिल लोकायनं निवडली." लोक म्हणायचे, लय शहाणा झाला बुवा!

त्या साली पोळा तोंडावर आला आणि उत्तमराव पाटलाचा मानाचा बैल गंगूबाई माळिणीच्या वाडीत घुसला. वांगी तुडवली, हारांसाठी राखलेला झेंडू बुडापासून खाल्ला. बाईचं वर्षाचं सणाचं कमावणं त्या बैलाच्या पोटात गेलं. तिनं त्याला काठीनं बडवत कोंडवाड्यापर्यंत आणलं खरं, पण दारात आल्यावर तिनं आवाज खाली केला.

"भाऊ, पाटलाचा हाये. घेता काय?"

"बैलाच्या कपायावर पाटील लिहेल हाये काय? आन आत."

आता पाटलाला दंड काय जड होता? मुळीच नाही. पण दंड भरायचा म्हणजे माळिणीपुढं चूक कबूल करायची. आणि बैल नाही सुटला तर पोळ्याचं तोरण तोडणार कोण? पहिला मान त्याच बैलाचा. पाटलानं घोडं काढलं आणि तडक तालुक्याचं चांदूर रेल्वे गाठलं. ठाणेदार म्हणाला, "कोंडवाडा पोलिसांचा नाही." तहसीलदार म्हणाला, "मला तिथं हुकूम देता येत नाही. हवं तर कोर्टात जा." कौन्सिलचा चेअरमन तर पाटलाचा सोयरा. पण तोही मान हलवून म्हणाला, "सोयरेपन घरी, पाटील. बैल नियमानं कोंडला असन, तं माहाही हात तिथं पोचत नाही."

परत येताना पाटलाच्या डोक्यात भलतंच शिरलं. ज्या कोंडवाड्याले मालक नाही, त्याले वालीबी नाही!

आणि खोटं नव्हतं ते. पोळ्याच्या बंदोबस्ताला आलेल्या शिपायाला नत्थुजीनं हात जोडले होते, "जमादार, घडीभर इथं बसा. पाटील येईन." शिपायानं मिशीवर ताव दिला. "कोंडवाडा आमचा नाही बावा." आणि तो तोरणाकडे निघून गेला. नत्थुजी फाटकाला पाठ लावून एकटाच बसला. भीती वाटत होतीच त्याला, का वाटू नये?

पोळ्याची दुपार कलली. सारं गाव सजवलेले बैल घेऊन तोरणाखाली जमलं, तेव्हा पाटील चार गडी आणि कुऱ्हाड घेऊन कोंडवाड्यावर आला.

"चाबी दे."

"दंड भरा मालक, चाबी तुमचीच हाये."

"अबे, मी पाटील हाओ ह्या गावचा!"

"मनून तं सांगून राहिलो. तुमीच नाही भरला, तं उद्या कोन भरन?"

कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या उजव्या हातावर बसला आणि हाड कडकन मोडलं. ते त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं. मग लाथा. बरगडीत, पोटात, तोंडावर. डाव्या हातानं त्यानं फाटकाचा आडणा धरला, तर एका गड्यानं त्याची बोटं टाचेखाली रगडली. तो आडवा झाल्यावर त्याच्यावरूनच चढून त्यांनी फाटक फोडलं आणि बैल नेला.

पाटलाच्या बैलानं तोरण तोडलं. नत्थुजीला तुडवून फाटक फोडल्याची खबर तोवर तिथं पोचली होती. पाटलाच्या बैलामागं गावातल्याच जानराव शेतकऱ्याच्या जोडीचा नंबर. पण जानराव हालेना.

"चाल ना बे!" पाटील ओरडला.

"मागच्या साली माही गाय कोंडली होती," जानराव म्हणाला. "नत्थुजीले म्या लय शिव्या देल्ल्या. पन भरला. तुमी काहून नाही भरत?"

मागच्या सगळ्यांनी कासरे आवळून धरले. एक बैल पुढं जाईना. जानरावानं सरळ पाटलाच्या बैलाचा कासरा पकडला, "चाला, कोंडवाड्यात." आणि पाटलानं कुऱ्हाड चालवली. ह्या खेपेला दांडा नव्हे, पातं. जानराव खुरांमध्ये पडला, तो पुन्हा उठलाच नाही. बैल उधळले, पोरंबाया तुडवल्या गेल्या, आणि मग जे गाव पेटलं! तुताऱ्या, जू, दगड, हाताला येईल त्यानं लोकांनी पाटलाला नि त्याच्या गड्यांना फोडून काढलं. शिपाई धावत आला. खून पडला, आता मामला पोलिसांचा झाला, बरं का! त्यानं अर्धमेल्या पाटलाला दोरीनं बांधलं. लोकांनी तो बैल झुलीसकट परत आणून कोंडवाड्यात उभा केला.

नत्थुजी कोंडवाड्याच्या भिंतीलगत खाटेवर पडून होता. जानरावाचं ऐकलं तेव्हा त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. बैल सोडवायला कुणी येईना, तेव्हा शेवटी पाटलाची बायको दुर्गाबाई आली. फाटक तर राहिलंच नव्हतं, सरळ आत शिरून बैल नेला असता तर अडवणारंही कुणी नव्हतं. पण ती बाहेरच थांबली.

"भाऊ, जानराव गेला, आमचा मानूस फाशी जाईन. सोडला असता बैल तं?"

"सोडला असता तं जानराव जिता असता, पाटलीनबाई," नत्थुजी म्हणाला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला. सुजल्या बोटांनी त्यानं डोळे पुसले.

"दंड आनला काय?"

दुर्गाबाईनं पदराची गाठ सोडली.