तलावाच्या पाळीवर शिकलेलं बोलणं

माझ्यावर सर्वात जास्त उपकार देवकाबाईंचे आहेत. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात त्या तलावात मासे धरतात. शाळेत कधी गेल्या नाहीत. बोलायला मी त्यांच्याकडून शिकलो.

त्या दिवशी ग्रामसभा होती. गावचा तलाव आम्हा ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेकडून काढून ठेकेदाराला द्यायचा ठराव होता. आमच्या मोहल्ल्यात बी.ए. झालेला मी एकटा. सगळ्यांनी मला उभं केलं. हातात लिहून आणलेली दोन पानं. अक्षरं हलायला लागली. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

ठेकेदाराच्या बाजूचे राइस मिलवाले भाऊसाहेब समोरच्या खुर्चीत होते. म्हणाले, "पाहा जी, मासोळी! पाण्याबाहेर काढली का अशीच करते."

सभा हसली. आमची माणसंही हसली. ते जास्त लागलं.

ठराव झाला. बाप माझ्याकडे न पाहता घरी गेला.

संस्थेनं चंद्रपूरला जिल्ह्याच्या साहेबांकडे तक्रार केली. सुनावणीची तारीख आली. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवा. देवकाबाई दारात आल्या.

"काऊन रे बाबू? तुले शिकवलं ते काय लपाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तलावाच्या पाळीवर उभं केलं. स्वतः डोंगा घेऊन पाण्यात गेल्या. मी बोलायचं. ऐकू आलं की त्या वल्हं वर करणार. मी वाचलं. वल्हं हललं नाही. मी ओरडलो.

"बोंबलू नको! मासोळ्या पळवतं का? दम घे. शेवटचा शब्द गिळून राह्यला तू."

रोज डोंगा थोडा लांब. आठव्या दिवशी त्यांनी माझा कागद घेतला आणि त्यात आपला तंबाखूचा खर्रा बांधला. "आता सांग. गाळ कोणी काढला? मासोळीचे पिल्लं कोणी सोडले?"

हे पाठ करावं लागलं नाही. तो गाळ बापासोबत मीच उपसला होता. डोंगा लांब गेल्यावर मी ते सांगितलं, आणि वल्हं वर गेलं.

भीती गेली नाही. भीती असतानाही शेवटच्या शब्दापर्यंत बोलायला शिकलो.

गुडघा दुखत असल्यानं देवकाबाई सुनावणीला येऊ शकल्या नाहीत. फोनवर "हव, हव" म्हणून ठेवून देतात. पत्र मात्र नातीकडून दोनदा वाचून घेतात. म्हणून सुनावणीनंतर चंद्रपूरच्या बसस्थानकावर बसून पत्र लिहिलं.

"देवकाबाईंना नमस्कार.

आज बोललो. कागदाशिवाय. मधेच भाऊसाहेब म्हणाले, 'साहेब, हा पढवून आणलेला पोरगा आहे. याले जाळं तरी फेकता येते का?' मी थांबलो. दम घेतला. म्हटलं, 'भाऊसाहेब, माझं संपलं नाई.' आणि संपेपर्यंत बोललो.

निकाल लागला नाही. पुढली तारीख दिली आहे. साहेबांनी विचारलं, तलावावर राबणारी माणसं कुठे आहेत? मला लाज वाटली. तुम्हा सगळ्यांना मागे ठेवून मी एकटाच आलो होतो.

पुढच्या तारखेला तुम्ही बोलायचं. गुडघा दुखला तर खाटेवर नेऊ. तुमच्या वतीनं मी बोलणार नाही. निकाल कसाही लागो, आपल्याबद्दल जे ठरेल ते आपलं ऐकूनच ठरेल.

तयारीला लागा."