छपराला अकरा खिळे

पंचवटीतल्या एका लहान देवळाच्या मंडपावर तांब्याचं छप्पर घालायचं काम आमच्या ह्यांना मिळालं, तेव्हा पत्र्याचं दुसरं टोक धरायला मी जायचे. देवळाच्या मंडळाच्या अध्यक्षांनी पत्रा वाकवायचं मशीन सातपूरहून आणवलं. त्याला हार घातला, नारळ फोडला. आमच्या पत्रा ठोकायच्या लाकडी मोगरीकडे कोणी पाहिलंही नाही. मशीन कडा सरळ वाकवायचं, हे खरं. पण दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींत अडकवून दाबायला शेवटी मोगरीच लागायची. तेवढा वेळ मशीन हार घालून बसायचं आणि त्याच्या शेजारी अध्यक्ष.

त्या छपरात वरून एकही खिळा नव्हता. पत्रे आतल्या पट्ट्यांनी धरलेले, त्यामुळे पाण्याला वाटच नाही. काम संपत आलं आणि अध्यक्षांना सुचलं, प्रत्येक देणगीदाराने तांब्याचा एक खिळा ठोकायचा. नाव कर्ण्यावरून पुकारायचं.

हे म्हणाले, "साहेब, खिळा मारला की भोक पडणार."

"भक्तीच्या खिळ्याने भोक पडत नाही, मिस्त्री."

वरून कथलाचा डाख देऊन भोकं बुजवतो, असं हे म्हणाले, तर खिळ्यांची डोकी दिसली पाहिजेत, असा हुकूम.

अकरा जण शिडीवरून चढले. निम्म्यांनी खिळ्याऐवजी पत्राच ठोकला. अध्यक्षांनी अगदी मधली जागा धरली, खाली जिथे ते आरतीला उभे राहतात तिथली. मग म्हणाले, "उद्या पाणी ओतून बघू. गळलं तर पंचवटीत पुन्हा काम मागायला येऊ नका."

ह्यांनी त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली. हात ह्यांचे, भोकं त्यांची, नाव मात्र ह्यांचंच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे मंडपात जमले. हे शिडी धरून उभे, मी कळशी घेऊन वर.

"अगं, कडेकडेने ओत," हे हळूच म्हणाले.

परक्या पुरुषांसमोर माझ्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता. ह्यांचं ऐकलं नाही, असंही कधी झालं नव्हतं. मी अख्खी कळशी मधोमध रिकामी केली.

"मिस्त्री, गळतंय," खालून अध्यक्ष.

"कुठे गळतंय साहेब?" मी वरूनच विचारलं. "जागा दाखवा."

जागा त्यांच्या टोपीवरच होती. उरलेले दहा जण लगेच आपापल्या खिळ्याखालून बाजूला सरकले. कोणीतरी हसलं.

ह्यांनी अकराही खिळे उपटले, भोकांना डाख दिला. अध्यक्षांनी आपला खिळा मागून घेतला आणि आत लाकडी खांबाला ठोकला. टोपी वाळेपर्यंत त्यालाच टांगली होती.