मामांच्या हातचं भुरभुरं

फोन ताईंनीच उचलला, डाव्या हाताने. उजवा प्लॅस्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला. दारासमोरच्या ओल्या पानांवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं, त्याला आता काही दिवस झाले होते. फोनवर त्यांची लेक होती. ती पोहायला शिकवते, त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस तलावाच्या पलीकडच्या टोकाला उभा आहे अशा आवाजात बोलते. खिडकीशी बसलेल्या मामांना तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"रविवारी येतेय मी. हिवाळाभर माझ्याकडे राहायचं. तुम्ही दोघं एकमेकांना काय सांभाळणार?"

"इथे सगळं नीट चाललंय," ताई म्हणाल्या. "ये की. भुरभुरं खायला ये."

"भुरभुरं? एका हातानं करणार?"

"एक आहे ना अजून."

"बरं. आधी बघते तरी. पण बॅग घेऊनच येणार मी."

ताईंनी फोन ठेवला आणि मामांकडे, म्हणजे आपल्या धाकट्या भावाकडे, पाहिलं. धाकट्या भावाने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या झाडाची पानं एकेक करून, कुणी बोलावल्यासारखी, खाली उतरत होती.

"ऐकलंस ना?" ताई म्हणाल्या.

"गल्लीनं ऐकलं."

भुरभुरं हा शब्द कुठल्याच पाककृतींच्या पुस्तकात सापडणार नाही. सफरचंदाच्या फोडी खोलगट भांड्यात पसरायच्या, वर साखर आणि दालचिनी. त्यावर मैदा, साखर आणि थंड लोणी बोटांनी चोळून केलेला भुगा घालायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचं. खालचं फळ मऊ होतं, वरचा भुगा सोनेरी, खुसखुशीत. लेकीने लहानपणी त्याला हे नाव दिलं आणि ते चिकटलं. उन्हं तिरपी झाली, बाजारात आंबटगोड सफरचंदांचे ढीग लागले, की ताई ते करत. एकच वर्ष ते झालं नव्हतं. त्या वर्षी ताईंचे यजमान गेले आणि ताई लहान लेकीला घेऊन भावाच्या घरी आल्या. तेव्हापासून लेकीच्या मनात पक्कं बसलेलं होतं, की भुरभुरं झालं म्हणजे घर जागेवर आहे.

मामांचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. कुणी विचारलं तर म्हणत, "काच बसवायला ज्या घरी गेलो, त्या घरी आधीच नवरा होता." भाची 'मामा' म्हणायची, म्हणून तिच्या मैत्रिणी म्हणू लागल्या, मग त्यांच्या आया, आणि शेवटी दूधवाला. जन्मभर त्यांनी एकच काम केलं: खिडक्यांना काचा बसवल्या. काच कापायच्या हिरकणीने काचेवर रेघ ओढायची आणि अंगठ्याने हलकेच दाबायचं, की काच रेघेवर दुभंगते. मग चौकटीत बसवून कडेने पुट्टी भरायची. पुट्टी ते विकतची कधी आणत नसत. खडूची पूड आणि जवसाचं तेल घेऊन तळहाताने मळत बसत, इतकं, की गोळा लोण्यासारखा गुळगुळीत व्हावा आणि हाताला चिकटणं सोडावं. गुठळी राहिली तर तिथून पाणी आत येतं. त्यांनी बसवलेल्या खिडकीतून कधी पाणी आलं नाही. स्वयंपाकघरात मात्र ते चहापुरते येत आणि कप विसळून निघून जात.

"सोपं आहे," ताई खुर्चीत बसून म्हणाल्या. "मी सांगते तसं करत जा."

सफरचंदांपर्यंत सगळं ठीक चाललं. मामांनी साल एका सलग फितीत काढलं, फोडी एकसारख्या जाडीच्या कापल्या आणि भांड्यात कडेला कड लावून बसवल्या.

"अरे, फोडी आहेत त्या. नुसत्या टाकायच्या असतात."

"फट राहिली असती."

"राहू दे की फट. पाऊस यायचाय का तिथून?"

मग भुग्याची पाळी आली. ताई म्हणाल्या, बोटांच्या टोकांनी चोळ, ओल्या वाळूसारखं झालं की थांब. मामांनी हात घातला. लोणी मैद्यात मिसळलं, वाळूसारखं झालं, आणि मामा थांबले नाहीत. तळहात आपसूक खाली आला, मनगटाने जोर लावला, आणि ताई "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत भांड्यात एक देखणा, गुळगुळीत गोळा तयार होता.

"झालं बघ," मामा अभिमानाने म्हणाले. "हाताला चिकटतसुद्धा नाही."

तोच गोळा थापून त्यांनी वर पसरला, कडा अंगठ्याने बंद केल्या. ओव्हनमधून निघालं ते फरशीसारखं. सुरी टेकवली तर टक् असा आवाज आला.

"ओव्हन जरा जास्तच तापतो," मामा म्हणाले.

"हो ना. नाचता येईना, ओव्हन वाकडा."

"वास छान आहे पण."

"वास छान आहे. त्यात आता एक खिडकी बसव."

त्यांनी वरचं झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि खालचं फळ चमच्याने खाल्लं. ते चांगलं होतं. ताईंनी तसं सांगितलंही. पण मामांचं मन त्यात नव्हतं. रविवार आणि एक रिकामी खोली, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांच्या घरात अशा गोष्टी बोलायची कुणाला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताऐवजी काटा घेतला. काट्याने लोणी दाबायचं, मैद्यात फिरवायचं. काम संथ होतं, पण भुगा भुग्यासारखा दिसू लागला. ताईंनी मानही डोलावली. तेवढ्यात दारावर टकटक झाली. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. ताईंना रोज सकाळी अंघोळीला मदत करायला त्याच येत. आत्ता आल्या होत्या त्या वेगळ्या कामाने.

"मामा, न्हाणीघराची काच तडकलीय हो. बदलावी लागेल का?"

मामा भांडं घेऊनच दारात गेले. तडा कुठून कुठे गेलाय, कोपऱ्यातून की मधून, चौकट लाकडी की लोखंडी, असं बोलणं सुरू झालं. कोपऱ्यातला तडा वाढतच जातो, हे मामा जीव तोडून समजावत होते. बाई हो हो म्हणत त्यांच्या हाताकडे बघत होत्या.

"मामा, पुट्टी छान झालीय," त्या म्हणाल्या. "आजच बसवता का?"

काटा कधी सुटला आणि हात कधी आत गेला, मामांना कळलंही नव्हतं. भांड्यात पुन्हा गोळा होता.

आत ताई हसल्या. इतक्या, की प्लॅस्टर सांभाळत त्यांना टेबलावर टेकावं लागलं. मामा हसले नाहीत. ते समोरच्या खुर्चीत बसले आणि आपला उजवा तळहात उलटसुलट करून बघत राहिले. काचेने कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा त्यावर जागोजागी होत्या.

"तू जाऊन ये तिच्याकडे," ते शेवटी म्हणाले. "तिथे सगळं गरम गरम मिळेल."

ताईंचं हसू ओसरलं. "मला जायचंय असं मी म्हटलं का?"

"माझ्यानं होत नाहीये, ताई."

"तुझ्यानं होतंय. तुझ्या ह्या हातानं होत नाहीये. तो शिकलाय, त्याला विसरायला सांगून विसरणार थोडाच? दुसरा आहे ना तुला. तो अजून अडाणी आहे."

रविवारी सकाळी ताईंनी आपला चहाचा कप काठोकाठ भरून घेतला आणि मामांच्या उजव्या हातात दिला.

"हा धर. एक थेंब जरी सांडला तर बघ."

"आणि तू पिणार कधी?"

"भुगा झाला की."

मग मामांनी डावा हात मैद्यात घातला. त्या हाताला काही म्हणजे काहीच येत नव्हतं. बोटं एकमेकांच्या वाटेत येत होती. लोण्याचा तुकडा निसटून भांड्याबाहेर उडाला, मैदा जमिनीवर सांडला, मामांच्या चपलेत गेला. उजव्या हाताने दोनदा मदतीला यायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चहा हिंदकळला.

"चहा," ताई नुसतं म्हणायच्या, आणि तो परत स्थिर व्हायचा.

डावा हात चाचपडत राहिला. हळूहळू मैदा सुटा सुटा दिसू लागला, कुठे बारीक, कुठे चण्याएवढा, कुठे लोण्याची आख्खी गुठळी तशीच.

"गुठळ्या राहिल्यात," मामा कुजबुजले.

"राहू देत. थांब आता. थांब म्हणतेय ना."

मामा थांबले. जन्मात पहिल्यांदा गुठळ्या ठेवून थांबले, आणि त्यांना ते अजिबात बरं वाटलं नाही. ताईंनी त्यांच्या हातातून कप घेतला, गार झालेला चहा एका दमात प्याल्या आणि भांडं ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलं.

लेक आली ती दुपारी, मोठी रिकामी बॅग घेऊन. ती तिने दाराशी ठेवली. घरभर दालचिनीचा वास होता. तिने तो ओळखला. आधी आईला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. वेणी घट्ट घातलेली होती आणि भांग कपाळापासून मागेपर्यंत पट्टीने आखल्यासारखा सरळ.

"केस कोण विंचरतं?" तिने विचारलं.

"कोण विंचरणार?" ताई मामांकडे बघत म्हणाल्या. "एवढा सरळ भांग माझाही मला कधी जमला नाही."

मग तिने खाल्लं. एक कोपरा, मग त्याच्या शेजारचं. काही ठिकाणी भुगा बारीक होता, काही ठिकाणी जाड, एका जागी लोणी वितळून खाली उतरलं होतं आणि तिथलं सफरचंद चकाकत होतं. मामा ओट्याशी, दोघींकडे पाठ करून, एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होते.

"आई, खरं सांग. हे तू नाही केलंस."

"नाही."

"मामा?"

"वरचं नीट मिसळलं नाही," मामा पातेल्याला म्हणाले.

"हो, नाही मिसळलेलं," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

खाऊन झाल्यावर तिने वाटी बाजूला सारली. मग तिचा आवाज, पहिल्यांदाच, खोलीच्या मापाचा झाला. "मला काळजी वाटते. तू पडलीस. उद्या मामा पडला तर?"

"तर मी पडल्या पडल्या ऐकेन," मामा म्हणाले. "सांगायला ही आहेच."

"चेष्टा नको करूस."

"चेष्टा नाही करत." मामांनी पातेलं खाली ठेवलं आणि वळले. "शेजारच्या बाई सकाळी येतात. पायरीवरची पानं मी रोज झाडतो आता. आणि तू म्हणशील ते करू. तिला इथेच राहू दे."

एवढं लांबलचक ते कधी बोललेले तिने ऐकलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. ताई चमच्याने भांड्याची कड खरवडत होत्या.

"ठीक आहे," लेक म्हणाली. "प्लॅस्टर निघेपर्यंत रोज संध्याकाळी फोन करणार मी. आणि मामा, आधी ही जमीन पुस. मैद्यावरून आता दोघंही घसराल."

ती गेली. बॅग आली तशीच रिकामी परत गेली. मामांनी जमीन पुसली, गुडघ्यांवर बसून, कोपऱ्याकोपऱ्यातून.

"ती मला घेऊन गेली असती तर काय केलं असतंस?" ताईंनी विचारलं.

मामांनी फडकं पिळलं. "काय करणार. रोज दोन कप चहा केला असता. एक ओतून टाकला असता."

"म्हणजे नुसती नासाडी," ताई म्हणाल्या, आणि उरलेलं भुरभुरं दोघांना सारखं वाटायला घेतलं.