वार्निशचे सहा हात

लाकडाशी निष्ठा ठेवली तर लाकूडही माणसाशी निष्ठा ठेवतं, असं मी सागवानी कॅम्पर बांधताना सगळ्यांना ऐकवत असे. जीपमागे ओढायच्या त्या खोलीला बाहेरून वार्निशचे सहा हात दिले. पहिल्याच पावसाळ्यात भिंतींची खालची कड काळी पडून मऊ झाली. दुसरा पावसाळा ती काढणार नव्हती. नवेगाव बांधच्या तलावावर डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, बनवणाऱ्या एका काकांनी कॅम्परखाली वाकून पाहिलं.

"वरून कायले चमकावून राहिले जी मास्तर? पाणी त खालून चढते."

सडकी कड कापून नवी फळी बसवली आणि खालून डांबर फासलं. वार्निश मी दर दिवाळीनंतर निष्ठेने देतो. डांबराला तीन पावसाळ्यांत हातही लावलेला नाही. ते शाबूत आहे.