पिठावरचा क्रूस

फुग्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ फुगून आंबूस वास सुटला, की मला इटलीतलं ते स्वयंपाकघर आठवतं. फिरायला गेले असताना तिथे एक दिवस पास्ता करायला शिकले होते. पीठ मळून झाल्यावर मी सवयीने त्यावर बोटाने क्रूस काढला. शिकवणाऱ्या आजी थबकल्या.

"हे कुठे शिकलीस?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"आईकडून. आमच्या गावी, गासला."

"माझीही आई काढायची. माझं कधी सुटलं, कळलंच नाही." आणि त्यांनी आपल्या पिठावर हळूच क्रूस काढला.

तो पास्ता आम्ही एकाच ताटात खाल्ला. ही खूण कुठून कुठे गेली असेल, याचं कुतूहल अजून आहे. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, आईने गावाबाहेर कुणाला काहीच शिकवलं नाही; पण तिने मला शिकवलेला क्रूस पाहून त्या आजींच्या पिठावरही तो परत आला.